उन्हाळ्यात सौर पॅनेल

प्रश्न : सोलापुरात घराच्या गच्चीसाठी ५४० वॅटच्या पॅनेलची दोन दरपत्रके आली आहेत, एक मोनो पर्कचे आणि दुसरे टॉपकॉनचे (हे सौर सेलचे दोन प्रकार). वॅट सारखेच असताना टॉपकॉनसाठी जास्त पैसे का मोजावेत?

उत्तर : पॅनेलवर छापलेले वॅट हे सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना प्रयोगशाळेत मोजलेले असतात, मे महिन्यात तुमच्या गच्चीवर तेच तापमान दुपारी ६५ अंशांपर्यंत सहज जाते. म्हणून माहितीपत्रकातील तापमान गुणांक, म्हणजे सेल एका अंशाने तापला की क्षमता किती टक्के घटते तो आकडा, आधी पाहावा. मोनो पर्कमध्ये प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली, तर ४० अंशांच्या वाढीने १४ टक्के क्षमता जाते आणि ५४० चे सुमारे ४६४ वॅट उरतात, टॉपकॉनमध्ये ०.३० टक्क्याने हिशेब केल्यास ४७५ उरतात. फरक आहे, पण पॅनेलमागे अवघा ११ वॅटचा, आणि तोही भर उन्हातला. त्यासाठी किती जादा मोजायचे, हे त्यावरून ठरवावे. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडत असेल, तर याहून कितीतरी जास्त नुकसान होते, आणि त्याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतकी उंची मागून घ्यावी.