१० बाय १२ ची खोली, तैलरंग आणि रात्रीचं काम: भिंतीआधी ट्यूब बदला

तुमची अडचण मला समजली ती अशी: पुण्यातल्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली, उत्तरेला एक खिडकी, तैलरंगात पोर्ट्रेट्स, आणि नोकरीमुळे बरंचसं काम रात्री जेवणानंतर. रात्री बरोबर वाटलेला चेहरा सकाळी उन्हात रापल्यासारखा लाल दिसतो. म्हणून भिंती पांढऱ्या ठेवू की फिकट पिवळ्या करू, असं विचारलंय.

भिंतींकडे येतोच, पण चेहरा लाल होतोय त्यात बहुतेक ट्यूबचा हात आहे. साध्या एलईडी ट्यूबचा सीआरआय, म्हणजे तिच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० च्या आसपास असतो. हा आकडा म्हणजे आठ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर९, आणि ८० वाल्या ट्यूबमध्ये तो शून्याच्या आसपासही असू शकतो. अशा उजेडात कॅडमियम रेड आणि अलिझरिन हे लाल रंग मरगळलेले दिसतात. मग आपण गालावर अजून थोडा, अजून थोडा लाल चढवत जातो आणि सकाळी खिडकी उघडली की सगळं उघडं पडतं.

म्हणून घेताना खोक्यावर सीआरआय ९० च्या वर लिहिलेलं बघा, आणि आर९ दिला असेल तर तो ५० च्या वर असावा. दुकानदार ‘डेलाइट’ म्हणून ६५०० केल्विनची ट्यूब काढून देईल (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा चढला की उजेड निळसर होतो). ती आपल्या कामाला जरा निळी पडते, मला ५००० बरी वाटते. ५००० ची सहज मिळाली नाही तर एक ६५०० आणि एक ४००० अशी सारख्या ल्युमेनची, म्हणजे सारखाच उजेड देणारी, जोडी शेजारीशेजारी लावा, दोन्हींचा मिसळलेला उजेड साधारण ५००० ला येतो. दोन्हींवर एकच दुधी अॅक्रिलिक शीट टाका, नाहीतर हाताच्या दोन सावल्या पडतात, एक निळसर आणि एक पिवळसर, आणि त्यानं डोकं उठतं. २० वॅटची ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते. तुमच्या खोलीला अशा दोन जोड्या पुरे, पण खोलीच्या मधोमध नकोत. ईझलच्या (कॅनव्हास ठेवायच्या घोडीच्या) बाजूला, छताजवळ, कॅनव्हासवर साधारण ४५ अंशांतून उजेड पडेल अशा लावा. उजव्या हातानं रंगवत असाल तर डावीकडून. तरीही ओल्या रंगावर चमक आली तर कॅनव्हासचा वरचा काठ जरासा पुढे झुकवा. आणि पॅलेटवर तोच उजेड पडू द्या. कॅनव्हासवर ट्यूब आणि पॅलेटवर टेबललॅम्प असं असेल तर मिसळलेला रंग आणि लावलेला रंग कधीच जुळणार नाहीत.

आता खिडकी. उत्तरेचा उजेड स्थिर असतो हे खरं आहे. गिरणगावातल्या विणकाम शेडची करवतीसारखी छपरंही त्यासाठीच उत्तरेकडे काचा ठेवून बांधायचे. पण युरोपातल्या पुस्तकांत वाचलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतही येतं. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस पेपरात येतात ना, त्यांच्या मधला हा काळ. जून-जुलैचे ढग बरंचसं निभावून नेतात. मेचा उत्तरार्ध तेवढा त्रास देतो. काचेवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरी मलमल लावा, काम भागेल. खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकलात तर आणखी बरं, उजेड वरून येतो आणि नाकाखालची सावली नीट बसते.

तुम्ही पाठवलेल्या खोलीच्या फोटोत ग्रिलवर हिरवा फायबरचा पत्रा दिसतोय. तो आधी काढा! त्यातून गाळून आलेल्या उजेडात भिंतीला कुठलाही रंग द्या, तो हिरवाच दिसणार. पावसाळ्यात समोरच्या गच्चीवर निळी ताडपत्री पडते, तिचंही हेच.

भिंती: पिवळा नको. बैठकीच्या खोलीत तो प्रसन्न दिसतो, इथे कॅनव्हासवर पिवळट उजेड परतवत राहील आणि डोळा पिवळ्याला सरावला की तुम्ही नकळत निळ्याकडे झुकाल. चारी भिंती पांढऱ्या केल्यात तर उजेड भरपूर मिळेल, पण त्या झगझगाटाशेजारी तुमचे मधले टोन आहेत त्यापेक्षा काळपट दिसतील आणि तुम्ही चित्र फिकट करत बसाल. छत पांढरंच ठेवा. ईझलमागची भिंत मध्यम-फिकट राखाडी करा.

सगळ्यात दुर्लक्षित भिंत म्हणजे तुमच्या पाठीमागची. ओल्या तैलरंगात तीच आरशासारखी उमटते, विशेषतः गडद भागांत. पार्श्वभूमीचा अंबर (मातकट तपकिरी रंग) धुरकट का दिसतोय म्हणून अजून काळा घालण्याआधी एकदा मागे वळून बघा. ही भिंत ईझलमागच्या भिंतीपेक्षा दोन पायऱ्या गडद चालेल. अंगातला पांढरा टी-शर्टही हाच उद्योग करतो. मळखाऊ रंगाचा अॅप्रन घाला.

राखाडी घेताना जपून. पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घातला की रंग निळसर होतो, त्यात पिवळ्या ऑक्साइडचे किंवा अंबरचे थेंब पडावे लागतात. आधी छोटा डबा घ्या, फूटभर प्लायवर दोन हात मारा, वाळल्यावर मधोमध पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा. दिवसा खिडकीपाशी आणि रात्री नव्या ट्यूबखाली, दोन्ही वेळा बघा. कागदाशेजारी तो निळा, जांभळा किंवा हिरवट वाटला तर परत जाऊन थेंब घालून घ्या. रंग मॅटच हवा, चकाकणारं महाग इमल्शन इथे उपयोगाचं नाही. साधा ऑइल बाउंड डिस्टेंपरही चालतो, मात्र ओला असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिकट होतो, म्हणून डब्यातला रंग बघून शेड ठरवू नका.

खर्च एकदम झेपत नसेल तर या महिन्यात ट्यूब आणि तो पत्रा एवढंच उरका. भिंती दिवाळीच्या रंगकामात करून घ्या, तोवर पाठीमागे राखाडी चादर टांगली तरी फरक कळेल.