सुटाच्या वरच्या खिशातला पॉकेट स्क्वेअर कोणता घ्यावा, घडी कशी घालावी आणि नंतर ठेवावा कसा?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात बहिणीच्या रिसेप्शनला नेव्ही ब्लू सूट घालायचाय, तर त्यावर पॉकेट स्क्वेअर, म्हणजे वरच्या खिशात शोभेला ठेवायचा चौकोनी रुमाल, कुठला घ्यावा, घडी कशी घालावी, कार्यक्रम झाल्यावर ठेवावा कसा, आणि ऑनलाइन घडी घालून शिवलेले तयार मिळतात ते चालतील का. आमचं दादरला जेंट्स टेलरिंगचं दुकान आहे, सूट, ब्लेझर, बंदगळा हेच काम, त्यामुळे हा विषय माझा रोजचा आहे आणि आवडीचा पण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचं आधी सांगतो, तयार घडीचे नका घेऊ. त्यात पुठ्ठ्यावर तीन टोकं शिवलेली किंवा चिकटवलेली असतात, त्याची रुंदी ठरलेली आणि तुमच्या खिशाची रुंदी वेगळी, मग एक तर तो आत हलत राहतो नाहीतर खिसा ताणला जातो. पाया पडायला वाकलात की पुठ्ठा वर येतो, आणि रिसेप्शनला दोन-तीन तास वाकणंच चालू असतं. धुता पण येत नाही.

बहुतेक लोक आधी घडी ठरवतात, यूट्यूबवर एखादी छान घडी बघतात आणि मग हाताला लागेल तो रुमाल घेऊन ती जमवायला बसतात, आणि जमत नाही. कारण घडी कापडावर अवलंबून असते. लिननला इस्त्री धरते, त्याची सरळ धारदार घडी राहते. सिल्क घसरतं, त्याची सरळ घडी अर्ध्या तासात खिशाच्या तळाला जाऊन बसते, पण तेच सिल्क मधोमध धरून फुगवून ठेवलं तर सुंदर दिसतं. म्हणून आधी कापड बघा, साइज बघा, मग घडी.

तुमचा हा पहिलाच असेल तर पांढरा लिनन घ्या. नेव्ही सूट, पांढरा शर्ट, टाय कुठल्याही रंगाचा असू दे, पांढरा लिनन त्यावर चुकत नाही. साइज १६ इंच बाय १६ इंच. बाजारात १० इंचाचे पॉलिस्टरचे भरपूर मिळतात ते घेऊ नका, हिशोब सोपा आहे बघा, जॅकेटचा वरचा खिसा साधारण ४ ते सव्वाचार इंच रुंद असतो, १६ इंचाचा रुमाल चार पदरी केला की बरोबर ४ इंच होतो आणि खिशात नीट बसतो, १० इंचाचा चार पदरी केला की अडीच इंच, तो खिशात गरागरा फिरणार. सिल्कचा असेल तर १२-१३ इंच पण चालतो कारण त्याची सरळ घडी घालायचीच नसते.

दुसरी गोष्ट कड. चांगल्या पॉकेट स्क्वेअरची कड हाताने गुंडाळून शिवलेली असते, म्हणजे कापडाची कड बोटाने बारीक वळत जायची आणि लांब-लांब टाके घालत जायचं, मग ती कड जरा गोल, भरीव दिसते. मशीनची कड चपटी असते. ज्या घडीत टोकं दिसतात तिथे हा फरक लगेच कळतो, आणि फोटोत तर कळतोच. हाताच्या कडेचा घेतलात तर एक पथ्य पाळा, इस्त्री फक्त मधल्या भागावर, कडेवर इस्त्री दाबली की तिचा गोलवा गेला आणि मग जास्तीचे पैसे दिले कशाला.

दुकानात मनासारखा नाही मिळाला तर करून घ्या, खरंच अवघड नाहीये. मुंबईत मंगलदास मार्केटला किंवा हिंदमाताला, पुण्यात असाल तर लक्ष्मी रोडला, शर्टाचं पांढरं लिनन अर्धा मीटर घ्यायचं, साठ ली मागा (ली म्हणजे लिननचा धागा किती बारीक त्याचं माप), शर्टाला चालतं तेच. ५८ इंच पन्हा असतो, त्यातून १७ इंचाचे तीन चौकोन आरामात निघतात, शिवून १६ चे होतात, एक तुम्हाला आणि दोन भावंडांना. कापायच्या आधी कापड पाण्यातून काढा, लिनन आटतं. आणि कापताना पट्टी ठेवून रेघ मारून कापू नका. कडेचा एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढायचा, कापडात एक बारीक पोकळ रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. अशाने कापड उभ्या-आडव्या धाग्यात बरोबर कापलं जातं, नाहीतर धुतल्यावर चौकोन तिरका होतो आणि मग घडीची टोकं कधीच जुळत नाहीत, माणूस आपला आरशासमोर वैतागतो. कड शिवायला घरात कुणाला हातशिलाई येत असेल तर उत्तम. नाहीतर साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या ताई प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना मॅचिंग दोऱ्याने बारीक पिको करायला सांगा, लिननवर छान होतं. पातळ सिल्कवर पिको नको, कड लाटेसारखी वर-खाली होते, तिथे हातशिलाईच.

आता सिल्क. पॉलिस्टर सॅटिन सिल्क म्हणून विकलं जातं, आणि ते रिसेप्शनच्या व्हिडिओ लाइटमध्ये आणि फ्लॅशमध्ये इतकं चमकतं की फोटोत छातीवर पांढरा डाग आल्यासारखं दिसतं. शंका असेल तर कडेचा एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, सिल्क असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर असेल तर वितळून त्याची कडक गोळी होते. शिवाय कापडाची मागची बाजू बघाच. डिजिटल प्रिंटच्या स्वस्त सिल्कची मागची बाजू फिकट असते आणि फुगवलेल्या किंवा टोकांच्या घडीत मागची बाजू दिसतेच दिसते.

लग्नात बरेच जण विचारतात की बायकोच्या किंवा आईच्या पैठणीच्या ब्लाउजपीसचा तुकडा उरलाय, त्याचा करू का. हौस चांगली आहे, मला पण आवडते. पण ती पैठणी हातमागाची आहे का ते बघा. हातमागाच्या अस्सल पैठणीत जरीचं नक्षीकाम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं कारण वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, तो तुकडा कसाही ठेवा चालतो. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या सेमी पैठणीला मागे सुटे धागे असतात, ते घड्याळाच्या पट्ट्यात, ब्रेसलेटमध्ये अडकतात आणि बाहेर लोंबतात. जरीचे धागे असल्यामुळे दोन्ही ताठ असतात, त्या फुगत नाहीत, सरळ घडी घाला आणि काठाची जेमतेम अर्धा इंच पट्टी वर दिसू द्या, तेवढं पुरे. औरंगाबादी हिमरूचं पण तेच, मागे धाग्यांचा जाडसर थर असतो, दोन पदरांपेक्षा जास्त घातलात तर खिसा फुगतो. बांधणीचं सिल्क मात्र या कामाला फार म्हणजे फारच सुंदर, गाठींमुळे त्याला मुळातच चुण्या असतात, ते चुण्या धरून छान उभं राहतं, खाली घसरत नाही. फक्त रंग जातो, घामाने पण जातो, म्हणून आधी ओला पांढरा कपडा कोपऱ्यावर दाबून बघा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. टायच्याच कापडाचा रुमाल, तो बॉक्समध्ये सेट मिळतो तसला, घालू नका. बायकोच्या साडीच्या कापडाचा संपूर्ण तुकडा पण नको, साडीच्या काठातला एखादा रंग उचला. तुमचा टाय मरून असेल तर पांढऱ्या लिननला मरून कड, बास. टाय घालणार नसाल तर मग रंगीत सिल्क फुगवून घाला, तिथे मोकळीक आहे, नेव्हीवर राणी कलर, मोरपंखी, मोहरीसारखा पिवळा, सगळं छान दिसतं. टायवर बारीक ठिपके असतील तर रुमालावर मोठं डिझाइन घ्या, दोन्हीवर एकाच मापाचं डिझाइन आलं की नजर कुठे थांबतच नाही. जॅकेट चेक्सचं असेल तर रुमाल प्लेन. आणि लॅपलला (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीला) ब्रोच किंवा गुलाबाची कळी लावणार असाल तर खिशात पांढरी सरळ घडीच ठेवा, एवढ्याशा जागेत दोन-दोन गोष्टींची गर्दी नको.

घड्या मी तीनच सांगतो, बाकीच्यांची गरज पडत नाही. सरळ घडी, लिननची. इस्त्री करून अर्धा करा, परत अर्धा म्हणजे ८ इंचाचा चौकोन झाला, मग उभा अर्धा करा, ४ बाय ८ ची पट्टी झाली. दुमडलेली बाजू वर घ्या. खालचा भाग मागे वर दुमडायचा, किती ते तुमच्या खिशाच्या खोलीवर, खिशात टेकल्यावर वर अर्धा इंच दिसला पाहिजे, एक इंच दिसला की लगेच वेटरच्या युनिफॉर्मसारखं वाटायला लागतं. फुगवलेली घडी, सिल्कची. रुमाल टेबलावर पसरा, बरोबर मध्याला चिमटीत धरून उचला, दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीची रिंग करून वरून खाली साधारण तिसऱ्या भागापर्यंत आणा, खाली लोंबणारी टोकं मागच्या बाजूला वर दुमडा आणि खिशात सरकवा. वर एक ते सव्वा इंच फुगा. मग त्याला हात लावत बसू नका, जरा वाकडा असला तर असू दे, हाताने केलंय हे दिसलं तरच ते जिवंत वाटतं. तिसरी म्हणजे हीच घडी उलटी, फुगा खाली आणि टोकं वर, कडेला वेगळा रंग असेल किंवा हाताची कड असेल तर ही घाला, टोकं सारखी करायची नाहीत, एक वर एक खाली अशीच ठेवायची.

सिल्क घसरतंय असं वाटलं तर खिशाच्या तळाशी एक साधा कॉटनचा रुमाल चौकोनी घडी करून ठेवा, त्यावर सिल्क बसवा. पिन लावू नका, सिल्कला पडलेलं भोक भरत नाही. सूट शिवायला टाकला नसेल अजून तर टेलरला सांगा वरच्या खिशाची आतली पिशवी कॉटनची लाव, अस्तराच्या पॉलिस्टरची नको, गुळगुळीत पिशवीत काहीच टिकत नाही.

सूट रेडीमेड असेल तर आजच वरचा खिसा बघा. नवीन जॅकेटचा खिसा आकार बिघडू नये म्हणून कच्च्या टाक्यांनी बंद केलेला असतो, तो छोट्या कात्रीने एकेक टाका कापून उघडायचा, जोर लावून ओढायचा नाही. काही स्वस्त ब्लेझरला नुसती वरची पट्टी असते, मागे खिसाच नसतो, हे कार्यक्रमाच्या संध्याकाळी कळलं तर काही करता येत नाही, आधी कळलं तर टेलर पिशवी लावून देतो. आणि घाम पुसायला, नाक पुसायला पँटच्या खिशात वेगळा रुमाल ठेवा, वरच्याला हात लावायचा नाही.

कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री खिशातून काढा. तसाच राहिला की घडीच्या रेघा पक्क्या होतात, खिसा सैल पडतो, आणि सूट ड्रायक्लीनला गेला की रुमाल हरवतो. काढून पूर्ण उघडा आणि पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा, मुंबईत घामाचा दमटपणा असतोच. लिनन घरी धुवा, थोडं ओलं असतानाच कडक इस्त्री. सिल्क गार पाण्यात, माइल्ड लिक्विडने, भिजत न ठेवता, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायचं, इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कपडा ठेवून, कमी हीटवर. जरीचा असेल तर पाणी लावूच नका, ड्रायक्लीनला द्या. अत्तर, परफ्यूम रुमालावर मारू नका, सिल्कवर डाग पडतो आणि जरीचे धागे काळे पडतात.

ठेवताना घडी घालून ठेवू नका. शर्टाच्या रिकाम्या बॉक्समध्ये सपाट पसरून एकावर एक ठेवा, मध्ये जुन्या मलमलचा तुकडा, किंवा जागा नसेल तर सैल गुंडाळी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी धरते. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, कसर लागू नये म्हणून लवंगांची किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांची पुरचुंडी, डांबरगोळी जरीजवळ ठेवू नका. जरीचा किंवा सिल्कचा असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा बाहेर काढून वारा दाखवा, पैठणीला दाखवतो तसंच.

आणि हळदीच्या कार्यक्रमाला पांढरा लिनन घालून जाऊ नका. तरीही डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लालभडक होईल, घाबरू नका, साबणाच्या क्षारामुळे हळद लाल दिसते. तो साबण नीट धुवून काढा आणि ओला रुमालच उन्हात घाला, हळदीचा रंग उन्हाने उडतो, एका उन्हात नाही गेला तर परत ओला करून दुसऱ्या दिवशी घाला. हे फक्त पांढऱ्या कॉटन-लिननसाठी, रंगीत सिल्क उन्हात घातलं तर हळदीबरोबर त्याचाही रंग जाईल.