कॉकॅटिएल एकालाच का बिलगतो?

ताई, तुमचा कॉकॅटिएल सासूबाईंच्या खांद्यावर बसतो आणि तुम्हाला चावतो, याचं मनाला लावून घेऊ नका. पोपटाच्या कुळातले हे पक्षी जोडीने राहणारे. घरात दुसरा पक्षी नसला की ती जागा ते एखाद्या माणसाला देतात, आणि दाणा कोण घालतं यावरच ते ठरतं असं नाही. आमच्या गुहागरच्या घरी दाणापाणी मी बघायचो, पण पक्षी झेपावायचा वडिलांकडे. ते पडवीत झोपाळ्यावर बसून त्याच्याशी हळू शीळ घालायचे, पिंजऱ्यात हात कधी घालत नसत.

राळ्याचं कणीस त्याला आवडतं ना? ते यापुढे फक्त तुमच्याच हातून मिळू दे. रोज दहा मिनिटं, दारंखिडक्या लावून (एकदा माडावर गेला की हाती लागणं कठीण), आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत असताना. त्या समोर असल्या की तो त्यांची राखण करतो, म्हणून चावतो. तुरा डोक्याला चपटा चिकटवून फिसकारला, तर हात मागे घ्या. मान खाली घालून पिसं फुलवली, तर हळूच खाजवा. फक्त डोकं आणि मान. पाठीवरून हात फिरवला की तो माणसाला जोडीदारच समजू लागतो. हे सासूबाईंनाही सांगा.

त्याला सोबत म्हणून कुणी रानातलं पोपटाचं पिल्लू देऊ केलं तर मात्र घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळायला बंदी आहे.