वाचकांचे प्रश्न : जुन्या कोब्यावर स्टेन करावा का?

प्रश्न : चिपळूण येथील आमच्या घरात बैठकीच्या खोलीत (३२० चौरस फूट) आणि पडवीत (१४० चौरस फूट) १९९८ साली केलेला सिमेंटचा कोबा आहे. २०२१ च्या पुराचे पाणी घरात आले आणि तेव्हापासून तो ठिकठिकाणी डागाळला आहे. त्यावर अ‍ॅसिड स्टेन (कोब्याला रंग आणणारे रसायन) व सीलर (वरून द्यायचा संरक्षक लेप) करून देण्याचा दर एका ठेकेदाराने चौरस फुटाला १२० रुपये सांगितला. दुसरा विट्रिफाइड टाइल्स मजुरीसह १५० रुपयांत बसवून देण्यास तयार आहे. सीलर पुढे पुन्हा द्यावा लागतो व त्याला आजच्या भावाने चौरस फुटाला २० रुपये पडतील, असे कळते. स्टेन खरोखरच स्वस्त पडेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी आपल्याच आकड्यांचा हिशेब करू. बैठकीच्या खोलीला स्टेनचे ३८,४०० रुपये होतात आणि टाइल्सचे ४८,०००. म्हणजे आज ९,६०० रुपये वाचतात. मात्र रोजच्या वावराच्या खोलीत दर तीन वर्षांनी सीलर द्यावा लागेल असे धरले, तर एका वेळचा खर्च ६,४०० रुपये येतो आणि दुसऱ्या खेपेलाच ही बचत संपून वर ३,२०० रुपये जातात. त्यामुळे केवळ पैसे वाचतात म्हणून स्टेन करू नये. त्याचे खरे फायदे वेगळे आहेत. जमिनीची उंची वाढत नाही, म्हणून दारे खालून तासावी लागत नाहीत आणि उंबरठा बुडत नाही. कोबा फोडावा लागत नसल्याने मलबा निघत नाही. आणि टाइल्सच्या सांध्यांत साचणाऱ्या मळाचा प्रश्नच उरत नाही. टाइल्सच्या १५० रुपयांत जुना कोबा फोडणे व दारे तासणे धरले आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. धरले नसेल, तर वरचा हिशेब बदलतो.

अ‍ॅसिड स्टेन हा रंगाचा थर नव्हे. त्यातील धातूंचे क्षार काँक्रीटमधल्या चुन्याशी अभिक्रिया करतात आणि त्यातून तयार होणारा रंग पृष्ठभागातच मुरतो. म्हणूनच त्याचे पापुद्रे निघत नाहीत. रंगांची निवड मात्र तपकिरी, कॉफी, पिवळसर मातकट आणि हिरवट-निळा एवढ्यातच करावी लागते, आणि शेजारच्या दोन जागी छटा सारखी येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. यातला तांब्याच्या क्षारांचा हिरवट-निळा रंग ओलीत काळपट पडतो. तेव्हा चिपळूणच्या हवेत त्याचा विचार सोडावा.

महत्त्वाची गोष्ट अशी की, स्टेन काहीही झाकत नाही. नळाच्या पाइपसाठी खोदून बुजवलेला पट्टा, भरलेली भेग, ऑइलपेंटचे जुने थेंब आणि पुराने पाडलेले डाग हे सारे रंगातून दिसतच राहते, कधी पूर्वीपेक्षा अधिक उठून. जमीन ग्राइंडरने घासून घेण्याचा खर्च १२० रुपयांत आहे का, हे लेखी घ्यावे, कारण कामाचा दर्जा स्टेनच्या डब्यापेक्षा या घासाईवर जास्त ठरतो. त्यातच आपल्याकडे जमीन स्वच्छ करायची म्हटले की बाजारातले अ‍ॅसिड ओतण्याची खोड आहे. त्याने वरचा चुना आधीच खर्च होतो आणि नंतर अ‍ॅसिड स्टेन फिका, ठिगळासारखा उठतो. ठेकेदार तसे करणार असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

निर्णयाआधी दोन परीक्षा घरीच करता येतात. स्वच्छ केलेल्या कोब्यावर पाण्याचे काही थेंब टाका. ते काही मिनिटांतही मुरले नाहीत, तर वर मेण, तेल किंवा जुना सीलर आहे आणि स्टेनही मुरणार नाही. दुसरी परीक्षा ओलीची. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून किमान १६ तास तसाच ठेवा. उचलल्यावर आतून थेंब जमलेले दिसले किंवा खालचा कोबा काळपट झालेला असला, तर जमिनीतून ओल वर चढते आहे. पुराचे पाणी केव्हाच सुकले. ही ओल दर पावसाळ्याची आहे, म्हणून परीक्षा भर पावसाळ्यातच करावी. अशा जमिनीवर सीलर पांढुरका होतो, सुटतो आणि त्याच्याखाली लोणा धरतो. तिथे स्टेनवर पैसे घालू नयेत.

पडवीत अ‍ॅसिड स्टेन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पावसाची झड येते, शेवाळ धरते आणि चकचकीत सीलरवर पाय घसरतो. रंग हवाच असेल, तर पाण्यात मिसळणारा स्टेन आणि वर थर न धरता आत मुरणारा सीलर वापरावा.

बैठकीची खोली दोन्ही परीक्षांत उतरली, तर तिथे तपकिरी छटेचा स्टेन जरूर करावा. आधी कपाटाखाली येणाऱ्या कोपऱ्यात नमुना करून घ्यावा, कारण एकदा चढलेला रंग घासून काढण्यावाचून उतरत नाही. काम चालू असताना खिडक्या उघड्या असाव्यात, हातमोजे व चष्मा असावा आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच जवळपासही नसावे, कारण अ‍ॅसिडशी संयोग होताच क्लोरीन वायू निघतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने अ‍ॅसिड मारले जाते. ते धुवण बादलीत गोळा करावे, विहिरीच्या किंवा परसाच्या दिशेने जाऊ देऊ नये. पुढे सीलर झिजलेल्या जागी कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडला, तर कोबा खाल्ला जाऊन पांढरट डाग उरतो. तेव्हा सांडलेले लगेच पुसावे.

प्रश्न : सावंतवाडीच्या आमच्या जुन्या घरातील लाल कोबा फिका पडला आहे. त्यावर लाल स्टेन चालेल का? – एक वाचक

उत्तर : नको. त्या कोब्यात लाल ऑक्साइड वरच्या थरातच घोटलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या तेल-मेणाने त्याची छिद्रे बुजलेली असतात, त्यामुळे स्टेन मुरणार नाही. बहुधा रंग गेलेला नसून वर मळ बसला आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण सुकू द्यावे आणि एका कोपऱ्यात कापडाने खोबरेल तेल अगदी पातळ चोळून पाहावे. तेवढ्याने लाली वर आली, तर सगळ्या खोलीला तेच करावे. जास्तीचे तेल मात्र कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ चिकटते.