पट्टिताश्मातल्या झिरकॉनचं वय नेमकं कशाचं असतं?

‘एका पट्टिताश्माचं वय युरेनियम-शिसे पद्धतीने २९० कोटी वर्षं दिलंय. हे मूळ खडकाचं वय की रूपांतरणाचं?’ असं तुम्ही विचारलंय. पट्टिताश्म म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूपांतर झालेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक (नाइस), आणि झिरकॉन म्हणजे त्यातले बारीक, टिकाऊ स्फटिक. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं, त्यावरून वय काढतात. दोन्हींपैकी एकाचंही नसेल, हे आधी धरून चाला. नेमक्या याच आकड्यावरून मी वर्षभर भांडलेय.

तेव्हा मी प्रयोगशाळेत नवीन होते. खडक भरडून, जड द्रवात टाकून झिरकॉन खाली बसवले, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचले आणि अख्खे दाणे हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून युरेनियम आणि शिशाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची) गुणोत्तरं मोजली. तिन्ही दाणे २९० कोटींच्या आसपास. आलेखावरचे बिंदू मात्र कॉन्कॉर्डिया वक्राच्या, म्हणजे युरेनियमच्या दोन समस्थानिकांवरून निघणारी वयं जिथे जुळतात त्या रेषेच्या, जरासे खाली. मार्गदर्शक म्हणाले, “थोडं शिसं निसटलंय, एवढंच. लिहून टाक.” मी म्हटलं, “सर, दाण्याच्या आत काय आहे ते आपण पाहिलेलंच नाही.” त्यावर, “तीन दाणे एकच सांगतायत, आणखी काय हवंय?” आकडा छापून आला, माझ्या नावासकट.

पुढे दुसरीकडे काम करताना उरलेले दाणे मी सोबत नेले. इपॉक्सीत बसवले, अर्ध्यापर्यंत घासले आणि कॅथोडोल्युमिनेसन्सखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने दाणा जो प्रकाश टाकतो त्यात, पाहिले. आत बारीक पट्ट्यापट्ट्यांचा गाभा, भोवती सपाट करडी कड. तीस-तीस मायक्रॉनचे ठिपके लेसरने मोजले. गाभे ३३० कोटींचे, कडा २५० कोटींच्या! २९० कोटी वर्षांपूर्वी त्या खडकात काहीच घडलं नव्हतं. आम्ही दोन घटना एका भांड्यात विरघळवल्या होत्या. ती चित्रं मी सरांना पाठवली. उत्तर आलं नाही.

झिरकॉन वाढताना युरेनियम घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, आणि धड स्फटिकातलं शिसं ९०० अंशांच्या पुढेही सहसा हलत नाही. त्यामुळे खडक भाजून निघाला तरी गाभा जुनं वय धरून बसतो आणि वर नवा थर चढतो. कॅनडातल्या अकास्टा पट्टिताश्माचं ४०३ कोटी हे वयसुद्धा असं ठिपक्या-ठिपक्याने मोजूनच मिळालंय. मूळ खडक गाळाचा असेल तर गाभा त्याहूनही जुना निघतो. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा ४४० कोटींचा दाणा ज्या खडकात सापडला, तो खडक कितीतरी नंतरचा आहे.

दाणा विरघळवण्याची पद्धत वाईट नाही, हेही सांगते. आतून एकजिनसी झिरकॉन असेल तर तिच्याइतकी अचूकता ठिपक्याने मिळत नाही. आणि किरणोत्साराने मोडकळीला आलेल्या दाण्यातून शिसं खरोखरच निसटतं. थोरियम-युरेनियम गुणोत्तर ०.१च्या खाली असेल तर कड रूपांतरणाची असण्याचा संभव जास्त, पण नेहमीच नाही.

तुमच्या अहवालात दाण्यांची चित्रं आहेत का ते बघा. नसतील तर उरलेले दाणे मागा. ‘सगळे दाणे एकच सांगतायत’ असं उत्तर मिळालं, तरीही मागा.