वाचकांचे प्रश्न: जुना बोट ट्रेलर घेतलाय, आधी काय करू?

प्रश्न: ओळखीतून एक जुना बोट ट्रेलर मिळाला, एकाच एक्सलचा. बोट १६ फुटी फायबरची आहे, मागे आउटबोर्ड (बाहेरून लटकवलेलं) इंजिन. फ्रेमला ठिकठिकाणी गंज आहे पण टायरची नक्षी मस्त आहे, चाकंही फिरतात. एका बाजूचा मागचा लाइट लागत नाही. घासून रंग मारतो, लाइट बदलतो आणि हायवेला काढतो असा विचार आहे. एवढं पुरेल ना?

उत्तर: नाही पुरणार. आणि रंगाचा डबा आत्ता बाजूलाच ठेवा, कारण एकदा रंग चढला की तडे, गंज, सुटत आलेलं वेल्डिंग सगळं झाकलं जातं आणि मग तुम्हालाच कळणार नाही आपण काय ओढतोय. रंग सगळ्यात शेवटी.

सुरुवात चाकांपासून करा. बोटीचा ट्रेलर इतर ट्रेलरसारखा नसतो, तो पाण्यात जातो. रस्त्यावरून येताना हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) गरम झालेलं असतं, तसंच ते थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, म्हणजे ग्रीस आत ठेवणाऱ्या रबरी कडीतून, पाणी आत ओढलं जातं. मग ते ग्रीसमध्ये महिनोन्‌महिने बसून राहतं आणि बेअरिंगला गंज धरतो, बाहेरून चाक मात्र छान फिरत असतं. म्हणून "चाकं फिरतात" यावर मी अजिबात विश्वास ठेवणार नाही. दोन्ही हब खोला, जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा आणि बेअरिंगचे रोलर नीट बघा. खड्डे दिसले, निळसर काळपट डाग दिसले (म्हणजे ते कधीतरी खूप तापलंय) किंवा फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग बदला, आणि नुसतं बेअरिंग नाही, हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंगसुद्धा. नवीन रोलर जुन्या रिंगवर चालवले की ते लवकर जातात. ट्रेलर वापरलेला आहे आणि त्याचा इतिहास माहीत नाही, त्यामुळे तुमच्या जागी मी असतो तर न बघताच सगळा संच नवीन टाकला असता, सीलसकट.

ग्रीस पाण्यात टिकणारं, म्हणजे मरीन ग्रीस घ्या आणि जुन्यात मिसळू नका, दोन जातींचं ग्रीस एकत्र आलं की कधीकधी पातळ होऊन वाहून जातं. बसवताना चाक हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग नट सैल करायचा आणि परत फक्त बोटांनी जेवढा जाईल तेवढाच आवळायचा. नट फिरू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल बाजूला न्या, टाइट बाजूला नको. ही पिन दरवेळी नवीन. जास्त आवळलेलं बेअरिंग रस्त्यात तापतं आणि शेवटी चाकच निघून जाऊ शकतं, हे विसरू नका.

आता टायर. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त फुटतात, कारण ट्रेलर वर्षातले बरेच दिवस नुसता उभा असतो. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांच्या वर गेला असेल तर नक्षी कितीही छान असो, बदला. आणि दोन्ही टायरवर लिहिलेली वजनाची मर्यादा मिळून, नुसत्या बोटीच्या वजनाला नाही तर बोट, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर आणि खुद्द ट्रेलर या सगळ्यांच्या बेरजेला पुरली पाहिजे. १०० लिटर पेट्रोलच ७५ किलोच्या आसपास जातं, लोक ते धरतच नाहीत.

फ्रेम तपासायला छोटी हातोडी घ्या आणि ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द येतो, आणि पत्रा दबतोय असं वाटलं तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. फ्रेम बंद चौकोनी पाइपाची असेल तर जास्त काळजी घ्या कारण ती आतून सडते, खारं पाणी आत साठून राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. एक्सल जिथे स्प्रिंगच्या पाट्यांना धरलाय ती जागा आणि पुढे गाडीला जोडायचा दांडा जिथे फ्रेमला मिळतो ती जागा, या दोन ठिकाणी भोक पडलेलं दिसलं तर पत्र्याचं ठिगळ लावू नका, तो तुकडाच बदलून घ्या. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या फ्रेमवर वेल्डिंग करणार असाल तर आधी त्या जागेवरचं जस्त ग्राइंडरने काढा आणि काम उघड्यावर करा, जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. एक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट स्वस्त असतात, नवीनच टाका आणि पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर परत आवळा, चाकांचे नटही तेव्हाच.

लाइट न लागण्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतोच, अर्थिंग (करंट परत जायची वाट) असतं. जुन्या ट्रेलरमध्ये अर्थिंग फ्रेममधून घेतलेलं असतं आणि गंजलेल्या जोडातून करंट जात नाही. प्रत्येक लाइटपासून पुढच्या प्लगपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढा, अर्ध्याअधिक कटकटी तिथेच संपतील.

कपलर (दांड्याच्या टोकाचा जोड) आणि तो ज्यावर बसतो तो गाडीच्या मागचा बॉल एकाच मापाचे हवेत, बॉलवर आकडा कोरलेला असतो तो वाचा, डोळ्याने अंदाज नको. लॉक केल्यावर जॅकने दांडा वर उचला, गाडीची मागची बाजू सोबत वर आली तरच लॉक बसलंय. दोन्ही साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्याला टेकण्याआधी साखळ्यांवर अडकेल. आणि विंचच्या (बोट ओढून घ्यायच्या चरखीच्या) पट्ट्यावर बोट सोडू नका, पुढे वेगळी साखळी आणि मागून दोन पट्टे पाहिजेतच.

पहिल्या फेरीत १५-२० किलोमीटरवर थांबा आणि हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न: माझा ट्रेलर ठीकठाक आहे पण गाडीने वेग घेतला की डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो. काय करू?

उत्तर: पुढच्या दांड्यावर वजन कमी पडतंय, बहुतेक हेच. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के वजन बॉलवर यायला हवं, म्हणजे सगळं मिळून ८०० किलो असेल तर ५६ ते ८० किलो. बोट लादून, ट्रेलर सपाट जागेवर, दांडा ओढतानाच्या उंचीला ठेवून खाली वजनकाटा लावा, लगेच कळेल. कमी भरलं तर विंचचा खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या, पण मग बोटीची मागची बाजू, जिथे इंजिन लटकतं, ती खालच्या लाकडी आधाराच्या बाहेर जात नाहीये ना ते बघा. जात असेल तर एक्सल मागे सरकवणं जास्त बरं. गाडीच्या हिचची (बॉल बसवलेल्या मागच्या जोडाची) वजनाची मर्यादा मात्र ओलांडू नका, स्टिअरिंग हलकं लागायला लागतं.

आणि हे जमेपर्यंत कधी डोलायला लागलाच तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको, वेग वाढवून सरळ करायला तर अजिबात जाऊ नका.

प्रश्न: पाण्यात उतरवताना लाइटचा प्लग काढायचा का?

उत्तर: हो, आणि उतारावर पोचल्यावर लगेच, म्हणजे पाण्यात जाईपर्यंत बल्ब थंड होतात. गरम बल्ब थंड पाण्यात गेला की तडकतो. हबलाही तेवढाच वेळ मिळतो, ते जास्त महत्त्वाचं आहे.