थांबावे, पण पाचव्या वर्षासाठी नव्हे

प्रिय अ., अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीत तू पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) ३.३ आहे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला आहे, आणि डेंटल स्कूलसाठी येत्या जूनमध्ये अर्ज करावा की पाचवे वर्ष घेऊन गुण सावरावेत, यावरून आईने तुझ्याशी अबोला धरला आहे. पुण्याची मामेबहीण डॉक्टर होईल तेव्हा तू अर्जच भरत बसशील, हे त्यांचे बोलणे तुला फार लागले आहे. परंतु भारतात बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा देऊन थेट बीडीएसला जाता येते, तर अमेरिकेत बहुतेक मुले पदवी घेऊन मग चार वर्षांच्या डेंटल स्कूलला जातात. त्यामुळे दोघींची वये ताडून काहीच ठरत नाही.

येत्या जूनमध्ये अर्ज करू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेश मिळवणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास असतो. त्याखालच्यांना प्रवेश मिळतच नाही असे नाही, पण मग डीएटीचे, म्हणजे डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेचे, गुण भक्कम लागतात, आणि ती परीक्षा तू अद्याप दिलेली नाहीस.

मात्र अर्ज पुढे ढकलण्यासाठी पाचवे वर्ष घ्यावेच लागते असे नाही. तीन वर्षांची ९० क्रेडिट ३.३ ने झाली आहेत असे धरू. चौथ्या वर्षाची ३० क्रेडिट ३.९ ने केलीस, तर एकूण जीपीए ३.४५ होतो, पाचव्या वर्षीही तितकेच गुण मिळवलेस तरी तो ३.५४ पर्यंतच जातो. शिवाय चौथे वर्ष संपताच अर्ज केलास, तर पाचव्या वर्षाचे गुण त्यात नसणारच. पहिल्या सेमिस्टरचे गुण नंतर कळवता येतात, पण तोवर मुलाखतींची बोलावणी सुरू झालेली असतात. एवढ्यासाठी वर्षभराची फी भरणे मला पटत नाही, विशेषतः १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना डेंटल स्कूलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार असताना.

ऑरगॅनिक पुन्हा करून सी पुसला जाईल, या आशेवरही राहू नकोस, कारण अर्जाची केंद्रीय व्यवस्था दोन्ही वेळचे गुण धरते. त्यापेक्षा चौथ्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी घे, त्यांत ए मिळव, डीएटी दे, पदवी पूर्ण कर आणि पुढच्या जूनच्या आरंभीच अर्ज पाठव. नंतरचे वर्ष दंतवैद्याकडे सहायकाची नोकरी करण्यात घालवलेस, तर अनुभव आणि पैसे दोन्ही मिळतील. आवश्यक विषयच चौथ्या वर्षात बसत नसतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक सेमिस्टर वाढवायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी बाबांची नोकरी गेली आणि तू संध्याकाळी दुकानात काम करून घराला हातभार लावलास, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, जणू ओशाळून लिहिले आहेस. गुण नेमके त्याच वर्षी घसरले. अर्जाच्या निबंधात ही हकिकत नीट, तारखांसह लिही, आणि आईलाही वरचा जीपीएचा हिशेब दाखवताना पुन्हा एकदा सांग. त्या काळात घर चालवण्याच्या विवंचनेत तुझ्या गुणपत्रिकेकडे कदाचित त्यांचे लक्षच गेले नसेल.